हवालदारांची हिरवी फटफटी

घरी चालून आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावणारा एकच धंदेवाला मी आयुष्यात पाहिला, ते म्हणजे तेलगाव फाट्यावरचे हवालदार. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या फटफट्या ते ट्रकमध्ये घालून आणायचे, पार खिळ्याखिळ्यापर्यंत सुट्या करायचे, पुन्हा जोडायचे, आणि एवढं करून कोणी घ्यायला आलं की त्याचीच उलटतपासणी घ्यायचे. "कशाला पायजे? पोराच्या लग्नात मिरवायला? मग नवी घ्या की शोरूममधून, हार घातलेली. ही न्हाई मिळायची." गिऱ्हाईक तोंडात मारल्यासारखं परत जायचं आणि हवालदार शांतपणे पुढचा नट आवळायला घ्यायचे.

ते फौजेत डिस्पॅच रायडर होते, म्हणजे एका छावणीतलं टपाल दुसऱ्या छावणीत फटफटीवरून पोचवणारे. बर्फात, वाळूत, जिथं रस्ताच नाही अशा ठिकाणी त्यांनी गाडी घातली होती. निवृत्त होऊन गावी आले तरी खाकी पँटची इस्त्री मोडली नव्हती, आणि दिवसभर ग्रीसमध्ये हात घालूनही त्या पँटला एक डाग लागायचा नाही, हे कसं ते मला आजही कळलेलं नाही. त्यांचं बोलणं निम्मं बीडचं आणि निम्मं पलटणीतलं. एक वाक्य ठरलेलं: "आधी ऐका, मग हात लावा." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचे, "टॅपेट बोलतंय." इंजिन उघडलं की व्हॉल्व्हजवळचा नेमका तोच भाग सैल निघायचा.

मी तेव्हा वडवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. वडवणीला तालुक्याचा मान अजून मिळायचा होता, पण बाजारात सगळ्या जगाचं वारं शिरलं होतं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ, घराघरावर केबलच्या वायरी, आणि रस्त्यावर नव्या हलक्या मोटरसायकली, एका लिटरमध्ये मुंबईला जाऊन येतील अशी बढाई मारणाऱ्या. माझ्याकडे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेली स्कूटर होती. बालाघाटाच्या डोंगरातल्या तांड्यावर म्हैस अडली की ती स्कूटर अर्ध्या वाटेत काळ्या चिखलात बसायची आणि मी बॅग डोक्यावर घेऊन चालायचो. दोनदा उशीर झाला. दुसऱ्या वेळी म्हैस गेली, आणि तिच्या मालकिणीने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

अशात हवालदारांच्या शेडमध्ये मी ती हिरवी बुलेट पाहिली. नुसता सांगाडा होता. टाकी एका कोपऱ्यात, चाकं दुसऱ्या, इंजिन पोत्यावर उघडं पडलेलं. तरी माझं काळीज धडधडायला लागलं! लग्न ठरल्यावरसुद्धा मला एवढं झालं नव्हतं, हे बायकोला माहीत आहे. मी म्हणालो, "हवालदार, ही मला द्या." ते म्हणाले, "आधी जोडू तर लागा."

मग दर रविवारी मी तेलगावला. रॉकेलच्या डब्यात एकेक भाग धुवायचा, कापडाने पुसायचा, ओळीने मांडायचा. चूक केली की "सावधान!" असा आवाज पाठीमागून यायचा आणि मी खरंच ताठ उभा राहायचो. टाकीला डाव्या बाजूला मुठीएवढा पोचा होता. मी म्हणालो, ठोकून सरळ करून घेऊ. हवालदार भडकले. "कावून? गाडी कुठं पडली, कोणाला घेऊन पडली, तुमाला ठावं हाय का? ऱ्हाऊ द्या." त्या पोच्यावरूनच त्यांनी ब्रशने हिरवा रंग चढवला.

किक मारायला शिकण्यात माझे तीन रविवार गेले. आधी किक हळू दाबत न्यायची, विजेच्या मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डाव्या हाताची छोटी कळ ओढून इंजिनाचा दम सोडायचा, पाय किंचित पुढं सरकवायचा आणि मग सगळं अंग घालून मारायची. घाई केली की किक उलटी येते आणि पायाचा घोटा सुजतो. माझा दोनदा सुजला. तिसऱ्या रविवारी गाडी उठली. तो आवाज! छातीच्या आत कोणी चालतंय असं वाटलं. हवालदारांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी टाकीवरच आडवा झालो.

आता गाडी माझी, असं मी धरून चाललो होतो. पण हवालदारांची एक रीत होती. गाडी देण्याआधी ते गिऱ्हाइकाचं घर बघायला जायचे. आमच्याकडेही आले. आमचं घर म्हणजे पुढं किराणा दुकान, मागं ओसरी आणि चौक. आम्ही लिंगायत वाणी. हवालदारांनी फाटकाची रुंदी वितींनी मोजली, चौकाचा उतार पाहिला, सावली कुठवर येते ते विचारलं. "दुकानात उंदरं असत्याल. वायरी कुरतडत्याल. मांजर पाळा." आप्पा गल्ल्यावरून मान हलवत होते. मग ओसरीवर चहा आला. हवालदारांनी कपाकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "चहा बंद हाय माझा." मला वाटलं पित्त झालं असेल. शेडमध्ये दिवसाला सहा कप पिणारा माणूस एकाएकी चहा कसा सोडतो, हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही.

त्यानंतर दर रविवारी एकच उत्तर. "गाडी अजून तयार न्हाई." मी बीडहून क्लचच्या प्लेटा आणल्या, औरंगाबादहून प्लग आणला. ते घ्यायचे, ठेवायचे आणि म्हणायचे, "बघू." तेवढ्यात माजलगावचा एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, पोरासाठी तीच गाडी मागायला दोनदा येऊन गेल्याचं कळलं. माझी झोप उडाली. भादव्यात डोंगरातून निरोपावर निरोप येत होते, आणि मी त्या स्कूटरवर! शेवटी एका रविवारी मी शेडच्या दारात चिडून बोललो, "हवालदार, गाडी द्यायची नसेल तर तसं सांगा."

हवालदार शेडमध्ये नव्हते. त्यांची मुलगी शोभा होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बापासारखीच ताठ. तिने वह्या तपासायच्या थांबवल्या.

"डॉक्टर, गाडी कधीची तयार हाय. तुमचं घर तयार न्हाई."

"म्हणजे?"

"दादा प्रत्येकाच्या घरी जाऊन चहा येईस्तोवर बसत्यात ते कशासाठी? तुमच्या ओसरीवर कोनाड्यात एक कप हाय. कान तुटलेला. तो कोणासाठी ठेवलाय?"

तो कप मी जन्मल्यापासून त्या कोनाड्यात होता. शेतावरचा गडी, चामडं नेणारा, केरसुण्या विकणारी, सगळ्यांना त्यात चहा मिळायचा. घरातल्या भांड्यांत तो कधी विसळला जायचा नाही, ज्याचा त्याने विसळून ठेवायचा. मी गायीम्हशींच्या जाती घडाघडा सांगणारा डॉक्टर, आणि माझ्याच दारातल्या कपाची जात मला दिसली नव्हती. की दिसली होती आणि सोयीची होती? हवालदार बौद्ध आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, शेडमध्ये बुद्धाची तसबीर होती. पण रॉकेलच्या एकाच डब्यात दोघांचे हात बुडत होते, तेव्हा मी समजलो होतो की तेवढ्यात सगळं आलं. लाजेने मी त्या मुलीच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

घरी येऊन मी आप्पांसमोर उभा राहिलो. ते गूळ जोखत होते. मी म्हणालो, "आप्पा, हवालदारांना त्या कपात चहा का दिला?" ते म्हणाले, "पहिल्यापासून तसंच हाय." मी आवाज चढवला. आप्पा गुळाचा खडा पुन्हा पुन्हा तागडीत टाकत राहिले. बोलली ती आई, आतून. "रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करता. त्याला इचारा की एकदा, कोनाड्यात कप ठेवू का म्हणून." चार दिवस आप्पा गिऱ्हाइकांनाही खुणेनेच माल देत होते. मला वाटलं, गाडी गेली गुत्तेदाराकडे.

पाचव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "त्या हवालदाराला बोलाव. आत बसवू."

हवालदार आले, इस्त्रीची पँट घालून, त्याच हिरव्या गाडीवर. आप्पांनी त्यांना माजघरात सतरंजीवर बसवलं. चहाचं तबक आईच्या हातातून आप्पांनी स्वतः घेतलं. आमच्या घरातले रोजचे कप, निळ्या फुलांचे. आप्पांनी कप पुढं केला तो एवढ्या घाईने की निम्मा चहा बशीत सांडला. हवालदारांनी बशी उचलली, फुर्र करून प्यायले. "आलं झकास हाय, आप्पा," ते म्हणाले. "कुठलं?" "आपल्याच दुकानातलं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा कप तोंडाला लावला. निघताना हवालदारांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "एक अट हाय. चौदा एप्रिलला गाडी माझी. भीमजयंतीच्या मिरवणुकीत म्होरं हीच चालल, चालवीन मी."

मी एका पायावर हो म्हणालो!

पहिल्याच दिवशी भर बाजारात माझी फजिती झाली. स्कूटरला ब्रेक उजव्या पायाशी. या गाडीला उजव्या पायाशी गिअर आणि ब्रेक डाव्या. समोर कापसाची बैलगाडी आली, मी जीव खाऊन उजवा पाय दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये जाऊन थेट कापसात घुसली. बैल ढिम्म हलले नाहीत. मी नाकातोंडातून कापूस काढत बाहेर आलो. ही बातमी तेलगावला माझ्याआधी पोचली. हवालदार म्हणाले, "चला, बरं झालं. कापूस मऊ असतो बे!" इतके दिवस "तुमी डॉक्टर" होतो, त्या दिवसापासून मी "बे" झालो, आणि मला ती बढती वाटली.

आणि मग डोंगर! ज्या चिखलात स्कूटर बसायची त्यातून ती गाडी धडधडत निघायची, दगडी चढ चढायची, ओढ्यातून पाणी उडवत पलीकडे जायची. तांड्यावरची माणसं आवाजावरून ओळखायची आणि मी पोचेपर्यंत पाणी गरम करून ठेवायची. ज्या मालकिणीची म्हैस गेली होती, तिच्याच दुसऱ्या म्हशीचं पोटात आडवं आलेलं पारडू मी वेळेवर जाऊन सोडवलं. बाई पारडाकडे बघायच्या आधी गाडीच्या टाकीवरून हात फिरवून आल्या. परतताना घाटाच्या माथ्यावर मी गाडी उभी केली आणि एकटाच मोठ्याने हसलो.

दर तेरा एप्रिलला मी गाडी धुऊनपुसून तेलगावला पोचवायचो. दुसऱ्या दिवशी हवालदार छातीवर पदकं लावून, हँडलला निळा झेंडा बांधून, मिरवणुकीच्या पुढं गाडी चालवायचे, माणसाच्या चालीने, आणि तेवढ्या कमी वेगातही इंजिन एकदाही अडखळू द्यायचे नाहीत. मी बाजूने चालायचो. आप्पांना दरवर्षी म्हणायचो, चला. ते म्हणायचे, "दुकान कोण बघल?" आता कधीमधी हवालदार आमच्याकडे येऊन माजघरात बसायचे, दोघांच्या तासतास गप्पा चालायच्या. पण माजघरात बोलावणं निराळं, आणि चार लोकांदेखत त्यांच्या मिरवणुकीत उभं राहणं निराळं. तेवढी पायरी आप्पांना उतरता येत नव्हती. हवालदारांनी त्यांना कधी विचारलं नाही, आणि मला वाटतं, ते वाट बघत होते.

एका वर्षी थंडीत हवालदार गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं, अंगावर काढलं. शेडमध्ये शेवटच्या दोन गाड्या तशाच सुट्या पडून राहिल्या. नव्या हलक्या गाड्यांच्या दिवसांत त्या जोडायला कोण बसणार? मला फार जड गेलं. कित्येक दिवस मी किक मारायचो आणि गाडी उठायची, पण आनंद व्हायचा नाही.

तेरा एप्रिल आला. मी सवयीने गाडी धुतली, आणि फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आता कोणाकडे न्यायची? दुपारच्या एसटीतून शोभाताई उतरल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली.

"गाडी न्यायला आलेय," त्या म्हणाल्या.

"चालवणार कोण?"

"मी. दादांनी काय फक्त तुमालाच शिकवलं का?"

त्यांनी गाडी चौकातून स्वतः ढकलत दुकानासमोर आणली. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. बाईमाणूस आणि ही एवढी गाडी! त्यांनी किक हळू दाबत नेली, काटा मध्यावर आणला, कळ ओढली आणि एकाच किकमध्ये गाडी उठवली. आप्पा गल्ल्यावरून उठून पायरीवर आले.

"पोरी, मिरवणूक किती वाजता निघती?"

"पाच वाजता, आप्पा."

त्यांनी मान हलवली. गाडी तेलगावच्या रस्त्याला लागली. तिचा आवाज पार विरेपर्यंत आप्पा पायरीवरच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या दुकान तीनलाच बंद कर. गाडी तर ती घेऊन गेली. आपल्याला चारची एसटी गाठावी लागल."