न सांगणारं दुखणं

घाट चढताना माझ्या छोट्या डिझेल गाडीच्या इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. मागच्या सीटवर आई होती. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाली, म्हणून तिला शहरातल्या दवाखान्यात नेत होतो. शेजारी बाबा. त्यांचा जन्म गॅरेजमध्ये गेलेला.

"थांबवू का?" मी विचारलं.

बाबांनी काच खाली करून कान दिला. "इंजिनातली टायमिंगची चेन सैल झालीय. हळू चालव, पोचू. चेन तुटायच्या आधी बरेच दिवस आवाज करते. चेनऐवजी रबरी पट्टा असता तर काही न सांगता तुटला असता."

मी वेग कमी केला. आरशात आई डोळे मिटून बसलेली दिसली.

"दुखतंय का गं?"

"नाही रे. तू पुढे बघ."

गाडीने पोचवलं. डॉक्टरांनी वेळेवर आणलंत म्हणून सांगितलं, आणि आईला विचारलं, "नक्की कधीपासून दुखतंय?"

आईने बाबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दिवाळीपासून."

आयुष्यभर इंजिनं ऐकलेले बाबा तिचा हात धरून नुसते बसून राहिले.