पामतेलातली चटणी

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा त्या घरात काटकसर आधीपासून नांदत होती. मी ती नव्याने आणली असं कुणी म्हणू नये. सासूबाई संध्याकाळी उशिरा मंडईत जायच्या, भाजीवाल्या आवराआवर करायला लागल्या की. उरलेल्या पेंढ्या तेव्हा दोनाच्या तीन मिळायच्या. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जायच्या. भाकऱ्या उतरल्या की तापल्या तव्यावर मूठभर शेंगदाणे टाकून ठेवायचे, ते आपोआप भाजून निघायचे. शिळी भाकरी ताकात कुस्करून सकाळचं भागायचं. मला हे सगळं आवडायचं. माझ्या माहेरी नेसरीकडे शेतात पिकायचं म्हणून हात सैल होता, आणि सैल हाताचा मला लहानपणापासून राग होता. सासूबाईंच्या घरात मला माझं माणूस भेटलं, असंच म्हणायला हवं.

त्यांना मी आत्ती म्हणायची. आमच्याकडे कर्नाटक जवळ, तिकडचाच तो शब्द. त्यांना तो पहिल्या दिवसापासून चालला.

आत्ती फक्त एका गोष्टीत हात आखडायच्या नाहीत. वर्षाची कांदा-लसूण चटणी. आमच्याकडे मसाला म्हणत नाहीत, चटणीच म्हणतात, आणि उन्हाळ्यात एकदा केलेली चटणी पुढचा उन्हाळा येईपर्यंत रोजच्या कालवणात जाते. आत्ती संकेश्वरी मिरची देठासकट आणायच्या, कारण देठ हिरवट असला तरच मिरची नवी. रंगाला ब्याडगी वेगळी. खोबऱ्याच्या वाट्या एकेक नाकाला लावून घ्यायच्या, दुकानदार कितीही वैतागला तरी. सगळं तळायचं ते शेंगतेलात. एरवी फोडणीला पळीच्या टोकाला लागेल एवढंच तेल घालणारी ही बाई त्या दोन दिवसांत तेलाचा डबा पार तळाला न्यायची. मला ते दिसायचं आणि माझा जीव तुटायचा. एकदा मी म्हटलंही, "आत्ती, एवढं तेल?" त्या म्हणाल्या, "चटणी हाय ती," आणि आणखी पळीभर ओतलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवरा ज्या कारखान्यात लेथवर होता तिथलं काम कमी झालं. आठवड्यातले तीनच दिवस बोलवायचे. त्याच वर्षी, शिमगा झाल्यावर, आत्तींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोळे, कान, जीभ, म्हणजे चव घेणारी जीभ, हे सगळं शाबूत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ करून घाला, सगळं खाऊ शकतील. पुढच्या खोलीत दाराजवळ त्यांची खाट टाकली. भाकरी आमटीत कुस्करून मी घास भरवायची आणि त्या खायच्या. तोवर बरणीत त्यांनीच केलेली चटणी होती.

वैशाखात चटणी करायची पाळी माझ्यावर आली. आता सगळी सूत्रं माझ्या हातात होती, आणि मला आनंद झाला होता हे मी लपवत नाही. इतकी वर्षं ज्या एका भोकातून पैसा गळताना पाहिला होता ते आता मी बुजवणार होते. मिरची मी देठ खुडलेली घेतली, ती निम्म्या भावात मिळाली. गेल्या सालची होती, शीतगृहात पडून राहिलेली. दुकानदारानेच सांगितलं, लपवलं नाही. खोबरं आत्ती घ्यायच्या त्याच्या निम्मं घेतलं, तेही बाजूला काढलेल्या फुटक्या वाट्यांचं. कमी पडलं तिथे धने वाढवले. आणि शेंगतेलाच्या ऐवजी रेशनचं पामतेल. ते थंडीत तुपासारखं थिजायचं आणि तापलं की त्याला एक मेणचट वास यायचा, पण मिरची-लसणापुढे कुठला वास टिकणार, असा माझा हिशोब.

डंकावर, म्हणजे चटणी कांडायच्या गिरणीत, गेले तेव्हा तिथल्या बाईने मूठभर मिरची उचलून पाहिली. "जुनी हाय व्हय ही?"

"न्हाय ओ. सावलीत वाळवलीया," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मिरची उखळात ओतली.

नवी चटणी झाली की शेजारीपाजारी चवीला एकेक वाटी द्यायची आमच्या गल्लीत पद्धत आहे. मी पाच घरी वाट्या दिल्या. वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून पाचही वाट्या साखर घालून परत आल्या. चटणीबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. एरवी याच बायका, "मीठ हाणलंयस की गं," असं दारातून ओरडून सांगणाऱ्या. त्यांची शांतता मी कौतुक समजले. दहा किलो चटणी बरणीत दाबून भरली, वर हिंगाचे खडे ठेवले, फडकं बांधलं. किती वाचले ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

आत्तींनी केलेली चटणी ज्येष्ठात संपली आणि माझी सुरू झाली. मग पाऊस लागला, घरात ओल आली, आणि आषाढात आत्तींनी जेवण सोडलं.

एकदम नाही सोडलं. आधी अर्धी भाकरी, मग चतकोर, मग दोन घास. शेवटी वाटी जवळ नेली की ओठ घट्ट मिटायच्या. मी पेज दिली, वरणभात दिला, रवा भाजून शिरा केला, त्यात दूध घातलं. दोन चमचे घेऊन मान फिरवायच्या. त्या काही गोडाधोडाच्या बाई नव्हत्या. सकाळचा चहा तेवढा घ्यायच्या. पंधरा दिवसांत हाताची कातडी लोंबायला लागली. कूस बदलायला पूर्वी नवरा लागायचा, आता मी एकटी सहज वळवायची, आणि ते हलकेपण मला आवडत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आजारात इच्छा मरते, पण हे असंच चाललं तर आठवड्याभरात नाकातून नळी घालावी लागेल. आत्ती ऐकत होत्या. नळी म्हणताना डॉक्टरांनी बोटाने नाकापासून पोटापर्यंत रेघ दाखवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं.

त्या रविवारी शेजारच्या काकींनी अख्ख्या मसुराची आमटी पाठवली. मी सहज चतकोर भाकरी तीत कुस्करून आत्तींपुढे धरली, आशा काही नव्हती. त्यांनी खाल्ली. मी आणखी चतकोर कुस्करली, तीही खाल्ली. आमटी संपली तेव्हा त्या डाव्या हाताने वाटीकडे खूण करत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदच झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी काकी आणतात त्याच दुकानातून तोच मसूर आणला आणि तशीच आमटी केली. पहिला घास तोंडात गेला आणि आत्तींनी तो जिभेने बाहेर ढकलला.

मी वाटी तशीच उचलून काकींकडे गेले. "काकी, तुम्ही काय घालता त्यात, सांगा तरी."

त्यांनी वाटीतली आमटी बोटाने चाटली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगं, चटणी खवट हाय की तुझी! वाटी दिलीस तवाच वास मारत हुता."

"मग तवाच सांगायचं न्हाय?"

"सासू पडलीया, नवरा घरी बसलाय. त्यात काय सांगायचं, म्हणून गप बसलो आम्ही."

मी घरी आले आणि काकींकडून आणलेली चिमूटभर चटणी आणि माझी, दोन्ही तळहातावर घेऊन पाहिली. माझी ओलसर होती आणि तिला जुन्या पणतीतल्या तेलासारखा वास येत होता. रोज तेच खाऊन मला तो कळेनासा झाला होता. नवऱ्याला विचारलं, तुला कळलं होतं? तो म्हणाला, "व्हय. पण म्हटलं असू दे, चालतंय." मुलगी शाळेच्या डब्यात महिनाभर नुसतं लोणचं नेत होती, तेही मला त्याच दिवशी समजलं. मला सगळ्यांचा भयंकर राग आला. घरात सगळे बोलते होते आणि चव खराब आहे हे कळवलं होतं ते फक्त मुकी झालेल्या बाईने.

श्रावणात बाजारात चांगली मिरची मिळणं अवघड, आणि मिळाली तरी आमच्या ऐपतीबाहेरची. मी गडहिंग्लजवरून नेसरीला जाणारी गाडी पकडली. लग्नानंतर माहेरी जाऊन मी कधी काही मागितलं नव्हतं. आता मिरची मागितली, तीही उसनी म्हणून. वहिनी म्हणाली, "पावण्यासारखं काय मागतीस?" आणि घरातल्या वर्षाच्या मिरचीतली ओंजळी भरभरून पिशवीत घातली. खोबऱ्याच्या चार वाट्या घातल्या. मग थांबून विचारलं, "तेल हाय न्हवं?" मी हो म्हटलं. तेवढा एक मान मी राखला. येताना पिशवीच्या वासाने पुढच्या बाकावरचा म्हातारा सारखा शिंकत होता.

एवढ्याशा मालासाठी डंक कुणी चालवत नाही. मी चटणी घरीच उखळात कांडली. उखळ आणि स्टोव्ह मुद्दाम पुढच्या खोलीत, आत्तींच्या खाटेजवळ ठेवले. त्या कुशीवर पडून बघत होत्या. शेंगतेल मी पावशेर आणलं होतं. मिरची परतताना मी दोन पळ्या घातल्या, तर त्यांचा डावा हात वर आला. आणखी एक घातली, हात तसाच वर. तेलाची पिशवी रिकामी झाली तेव्हा हात खाली आला. खोबरं मी तीनच वाट्या भाजलं होतं, चौथी पदराआड ठेवली होती. त्यांनी पदराकडे बोट दाखवलं. मला हसू आलं, आणि मला वाटतं त्यांनाही आलं होतं, पण त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं, नक्की सांगता येत नाही.

दीड किलोच्या आसपास चटणी झाली. त्या संध्याकाळी आत्तींनी पाऊण भाकरी खाल्ली. आठ दिवसांनी डॉक्टर आले आणि नळीचं नाव न काढता गेले. काकींनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "खाया लागली की गं!" मी त्या आठवड्यात फार खूश होते, शेजारीपाजारी सगळ्यांना ही हकिकत हसत हसत सांगत होते.

पण बरणीत साडेआठ किलो चटणी पडून होती. ती टाकून देणं माझ्या हाताला जमणारं नव्हतं. आम्ही बाकीचे तीच खात होतो. म्हणजे रोज दोन आमट्या, एक आत्तींची, एक आमची. दोनदा फोडणी, दोनदा स्टोव्ह, दुप्पट रॉकेल. रॉकेल रेशनवर मोजकं मिळायचं. भाद्रपद लागला तेव्हा मला एक युक्ती सुचली. एकच आमटी करायची आणि तिच्यात दोन्ही चटण्या घालायच्या, निम्मी ही, निम्मी ती. चांगलीच्या वासात खवट झाकली जाईल, रॉकेल वाचेल आणि दोन्ही बरण्या बरोबरीने खाली जातील. दुपारी मी तशी आमटी केली. चाखून पाहिली. मला बरी लागली.

आत्तींनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. मग ओठ मिटले.

"चांगली चटणी हाय, आत्ती. तुमच्यासमोरच केलेली. खावा."

ओठ मिटलेले. मी घास ओठांना लावला, आमटी हनुवटीवरून ओघळली. मी पुसली, पुन्हा लावला. पुन्हा तेच. नवरा कामावर होता, मुलगी शाळेत, घरात आम्ही दोघीच. सकाळपासून त्यांचं धुणं, पुसणं, नळाच्या पाण्याची पाळी, आणि वर ही चव. काय वाटलं ते सरळ सांगते. मला त्यांचा तिरस्कार वाटला.

मी वाटी खाली आदळली आणि म्हटलं, "मग ऱ्हावा उपाशी. बोलावते डॉक्टरला. नळीच घालू दे नाकातनं, मग कशाचीच चव लागायची न्हाय."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

मी घास दिला. त्यांनी गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत त्या तशाच खात राहिल्या. नजर भिंतीवर होती. शेवटच्या घासानंतरही तोंड उघडं होतं, तेव्हा मी म्हटलं, "संपली, आत्ती," आणि त्यांनी ते मिटलं.

संध्याकाळी मी मोठी बरणी मागच्या उकिरड्यावर रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या आमटीत नेसरीच्या मिरचीची चटणी पडू लागली, ती पुरली नाही तेव्हा काकींकडून मागून आणली, आणि फोडणी शेंगतेलाची. आत्ती सगळं खायच्या. आमटी, पेज, शिरा, वरणभात, एकदा चुकून मीठ घालायचं राहिलं होतं तो भातसुद्धा. वजन वाढलं, डॉक्टरांनी मला शाबासकी दिली. त्या त्यानंतर दीड वर्ष जगल्या. रोज दोन वेळा मी घास पुढे केला की तोंड उघडायच्या, आणि त्यांना काय आवडलं, काय नाही, हे मला पुन्हा कधीच कळलं नाही.