चंद्रीच्या पुडीतलं पीठ

मी एका घोडीच्या पुडीतलं औषध काढून तिथं तांदळाचं पीठ भरलं. हे वाक्य आजवर मी कुणापुढं उच्चारलेलं नाही — बायकोपुढंसुद्धा नाही, आणि तिला तर माझे सगळे मूर्खपणे तोंडपाठ आहेत. एवढा एक राहिला होता.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लोहाऱ्याकडं जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मिशी नुकती फुटलेली. अक्कल फुटायची होती. सिद्रामप्पा नावाचे लिंगायत व्यापारी लुगड्यांचे गठ्ठे घोडीवर लादून आठवडी बाजार करायचे. घोडीचं नाव चंद्री. तिला फेफरं यायचं. भर बाजारात कोसळायची, पाय झाडायची, तोंडाला फेस. आमच्या डॉक्टरसाहेबांनी हैदराबादेहून गुंगीची पूड मागवली. मी पुड्या बांधायचो, आप्पा गुळात कालवून तिला चारायचे. आधी लिंगपूजा, मग चंद्रीची पुडी, मग स्वतःची भाकरी — हा त्यांचा क्रम. ज्याची भाकरीच पुडीनंतर, तो पुडी विसरेल कसा?

"कंपोंडर, एक पुडी आमच्या मंडळीसाठी बी बांधा," ते म्हणायचे, "लई बोलती."

सुरुवातीला औषध पोटात गेलं की चंद्री झिंगायची, मान खाली घालून उभी राहायची. पुढं हळूहळू तेवढीच पूड खाऊन ती ताठ चालायला लागली, कान टवकारून. फेफरं थांबलेलंच होतं. मला वाटलं — वाटलं कसलं, खात्रीच झाली — औषध आता तिला लागूच होत नाही, म्हणजे रोग गेला. मी गुंगी तेवढी बघत होतो. मला दुसरं काय बघता येत होतं?

साहेब दौऱ्यावर गेले. ते परतल्यावर त्यांना चकित करायचं — बघा साहेब, औषधावाचून घोडी ठणठणीत, मी आधीच ताडलं होतं! शाबासकीचे शब्दही मी त्यांच्या वतीनं मनात जुळवून ठेवले होते. आप्पांना सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते. म्हणून सांगितलं नाही. पीठ भरलं, कागदाची घडी पूर्वीसारखीच घातली.

चंद्री बाजाराच्या वाटेवर ओढ्यात पडली. पूर्वी झटका यायचा, ओसरायचा, ती उठायची. या वेळी एक ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. आप्पा पाण्यात बसून तिचं डोकं मांडीवर धरून होते, नाकात पाणी जाऊ नये म्हणून. तिथंच ती गेली. गठ्ठे भिजत पडले होते, त्यांच्याकडं आप्पांनी पाहिलंही नाही.

साहेब आल्यावर म्हणाले, अंगाला औषधाची सवय झाली की गुंगी येत नाही, पण मेंदू त्याच औषधाच्या आधारावर उभा असतो. आधार एकदम काढला की फेफरं दुपटीनं उसळतं. सोडवायचंच असेल तर तिळातिळानं. हे सगळं ते आप्पांना सुनावत होते, आणि शिकत होतो मी.

"पुडी चुकवलीत तुम्ही, आप्पा."

आप्पा गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून न्हाय म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. खरं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं — अगदी दातांपर्यंत. बाहेर पडलं ते दुसरंच.

"वय झालंय, साहेब. विसरले असतील."

किती सहज निघालं! आवाजात थोडी कीवसुद्धा होती.

आप्पा भांडले असते तर? पण त्यांनी ते खरं मानलं. माणूस स्वतःलाच तपासायला लागला. पूजा झाली का, जेवलो का, कडी लावली का — बायकोला विचारत राहायचे. पुडी आपण दिली ही आठवण ज्या डोक्यात लख्ख होती, ते डोकंच त्यांनी खोटं ठरवलं. बाजार सुटला. मग घराबाहेर पडणंही.

मी मात्र जात राहिलो. आज सांगायचंच, असं ठरवून उंबऱ्यावर बसायचो आणि चहा पिऊन उठायचो. एकदा असाच मान खाली घालून बसलो होतो. त्यांची बायको, पार्वताक्का, पाण्याची घागर घेऊन आली आणि माझ्यापुढं थांबली.

"घोडी आमची गेली, याद ह्यांची गेली. तुमचं काय गेलं, कंपोंडर? उठा, वाट सोडा."