झऱ्यात ठेवलेली वाटी

शामराव मेश्रामांना माणसांपेक्षा दगडांशी जमवून घेणं सोपं जायचं. भूगर्भ खात्यात पस्तीस वर्षं त्यातच गेली. आता निवृत्ती, बायको रमाबाई दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी श्रावस्ती पुण्यात, आणि नोएडाच्या फ्लॅटमध्ये हे एकटे. घर खायला उठायचं.

बायकोला त्यांनी एकदाच कामावर नेलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, हिमाचलातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यावर. त्या पाण्यात चुना फार. तो थरावर थर बसतो, उतारावर दगडी पायऱ्या तयार होतात, शेवटी झरा स्वतःचंच तोंड बुजवतो आणि दुसरीकडे फुटतो. हे मोजायला खुणेचे खिळे लागतात, ते शामरावसाहेब दिल्लीत विसरले. मग काय, रमाबाईंची स्टीलची वाटी ठेवली पाण्यात. माहेरून आलेली, तळाशी नाव कोरलेली. "पुढच्या वर्षी आणतो," म्हणाले.

पुढच्या वर्षी वाटीवर नखभर दगड. इतकं छान रीडिंग कोण मोडेल?

"अहो, माझी वाटी?"

"थांब गं, अजून एक वर्ष."

दरवर्षी हेच बोलणं व्हायचं, असं त्यांना आठवतं. डोंगराचं कळतं, घरातलं कळत नाही, म्हणजे कमाल आहे माणसाची.

यंदा खात्यातला मानस तिकडे निघाला, तेव्हा शामरावांनी त्याला फोन केला. "ती वाटी फोडून आण."

"सर, तीस-पस्तीस वर्षांचं रेकॉर्ड आहे ते. झरा तर आता तिथे नाहीच, पार खाली सरकलाय. तेवढीच खूण उरलीय."

"जाऊ दे. मला वाटी पाहिजे."

मानसनं दगडाचा गोळाच आणून दिला. शामराव दुपारभर छिन्नी घेऊन बसले. हळूहळू नाव निघालं, वाचता येण्यासारखं. त्यांना रडूच आलं. त्यांनी श्रावस्तीला फोन लावला.

"आईची वाटी आणली एकदाची."

"कुठली वाटी, बाबा?"

"झऱ्यातली. मागायची ना ती दरवर्षी."

"माझ्यासमोर तर कधीच नाही मागितली."

श्रावस्तीनं तिशी ओलांडली होती. फोन ठेवल्यावर शामरावांनी जुनी वही काढली. कोणत्या वर्षी किती मिलिमीटर थर चढला, सगळं त्यात होतं. रमाबाईंनी विचारणं कोणत्या वर्षी सोडलं, ते मात्र काही केल्या आठवेना.