छत्री पंपाचे इंगळे सर

इंगळे सर गेल्याची बातमी मला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. रिसोडच्या बाजारात मेथीची जुडी हातात होती. एकाने लिहिलं होतं, ‘छत्री पंपवाले सर सकाळी चहा पिता पिता गेले.’ खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. एकाने तर ‘वारसा जपणारा माणूस हरपला’ असंही लिहिलं. मला वाईट वाटायच्या आधी राग आला... सर जिवंत असताना याच ग्रुपवर त्यांची किती टिंगल झाली होती!

आम्ही एकाच शाळेत होतो. ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. पुढे मी मुख्याध्यापिका झाले आणि ते निवृत्त झाले. वाशीमच्या रस्त्यावर गावाबाहेर एक पेट्रोल पंप होता, साठच्या दशकातला, कित्येक वर्षं बंद पडलेला. मधोमध एकच खांब आणि त्यावर काँक्रीटचं गोल छप्पर, कडेला पातळ होत गेलेलं. म्हणून छत्री पंप. दर्शनी कठड्यावर सिमेंटमध्ये हाताने घडवलेली ‘पेट्रोल’ ही अक्षरं. आम्ही सगळे जन्मभर त्याच्यासमोरून गेलो. मान वर करून पाहिलं ते फक्त सरांनी.

निवृत्तीनंतर त्यांनी तो पंप मोजायला घेतला. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. स्वतः शिडीने छपरावर चढले आणि बादलीभर पाणी ओतलं. मी खाली उभी. कडेवरून एक थेंब पडला नाही. थोड्या वेळाने खांबाच्या पायाशी, एका लहानशा भोकातून, पाणी बाहेर आलं. “पाह्यलं का बाई? पानी खांबाच्या पोटातून खाली येते,” सर वरून ओरडले. “ज्या मिस्त्रीनं हे केलं, त्याचं नाव कोनाले मालूम नाई!” साठी ओलांडलेला माणूस शिडीवर लहान मुलासारखा हसत होता.

मग रस्ता रुंद होणार अशी बातमी आली आणि पंपाचं नाव पाडायच्या यादीत लागलं. सरांनी अर्ज लिहायला सुरुवात केली. एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात. एका साहेबांनी विचारलं, “किल्ला आहे का? लेणी आहेत? मंदिर आहे?” सरांनी पंपाचा नकाशा पुढे केला. साहेब म्हणाले, “मास्तर, हा तर माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे. याला जुनं कसं म्हणायचं?” ते सांगताना सरांचा आवाज चढायचा. “म्हंजे पाडून टाकायचं अन् मंग शंभर वर्सं वाट पाहाची का?” पंपमालकाचा नातू पुण्यात, त्याला जागेशी मतलब, पंपाशी नाही. गावात तर विषयच नव्हता. चहाच्या टपरीवर सर दिसले की कुणीतरी हटकून म्हणायचं, “सर, पेट्रोल भेटते का?”

आणि मी? मी तरी काय केलं? सर माझ्याकडे एकच गोष्ट मागायला आले होते. मुलांनी पंपाची चित्रं काढावीत आणि ती शाळेच्या पत्रासोबत जिल्ह्याला पाठवावीत. तेव्हा शाळेच्या नव्या वर्गखोल्यांची फाईल जिल्ह्याच्या त्याच कार्यालयात पडून होती. मी म्हणाले, “सर, शाळेच्या लेटरहेडवर नको. उगाच साहेबांच्या डोळ्यावर यायला नको.” त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. “बाई, तुमाले तं पानी दाखोलं होतं ना म्या...” एवढंच म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही. वर्गखोल्या अजूनही झालेल्या नाहीत, हे इथे लिहून टाकते.

ज्या दिवशी पंप पडला, त्या दिवशी सर वाशीमला होते, शेवटचा अर्ज घेऊन. साहेब मीटिंगमध्ये, म्हणून दुपारपर्यंत बाकावर बसून परतले. एसटीच्या खिडकीतून त्यांना जेसीबी दिसला. छप्पर आधीच जमिनीवर आलं होतं. बस थांबवून ते उतरले. मला वाटलं होतं भांडले असतील, रडले असतील. पण जेसीबीच्या ड्रायव्हरनेच मला नंतर सांगितलं, “सरायनं फक्त इचारलं, खांबातला पाइप लोखंडी होता का मातीचा? म्या तुकडा काढून देल्ला. मातीचा होता. थे वहीत लिहून चालले गेले.”

रस्ता आजही तेवढाच अरुंद आहे. रुंदीकरण कुठे अडलं, कुणाला विचारायचं, ठाऊक नाही. पंपाच्या जागी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला असतो. पुढारी बदलतात, जागा तीच.

सर गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या घरी वहिनींना भेटायला गेले. मला वाटायचं पंप पडल्यावर सरांनी हाय खाल्ली असेल, सगळं सोडून दिलं असेल. वहिनींनी त्यांची खोली उघडली. टेबलावर एक मोठा कागद पसरलेला होता. गावातल्या बंद टॉकीजचा दर्शनी भाग, पेन्सिलीने, वीट न् वीट. तिकिटाच्या खिडकीवरच्या कमानीशी त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘उंची घ्यायची राहिली.’ वहिनी म्हणाल्या, “सोमवारी जाणार होते. शनवारी गेले. बाई, याचं काय करू मी? रद्दीत तं टाकवत नाई.”

मी तो कागद शाळेत आणला आणि टेप घेऊन टॉकीजला गेले. चौकीदार म्हणाला, “घ्या माप, पन लवकर घ्या. हे बी पाडून राह्यले.” मी स्टुलावर चढले. सात फूट चार इंच. परत येऊन सरांच्या कागदावर तो आकडा लिहिला. माझं अक्षर त्यांच्या शेजारी फार वेडंवाकडं दिसतं. खोडलं नाही... खाली सही केली, आणि सहीखाली शाळेचा शिक्का मारला.