शेवटच्या चाकातली हवा

माझा पाय वर आला तेव्हा खालचं निप्पल अजून उघडं होतं. चूक एवढीच.

जुन्या जीपच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चाकाशी पाना घेऊन, दुसरं वर पॅडलवर. खालचा म्हणतो ‘दाब’, वरच्याने दाबून धरायचं. मग खालचा माणूस चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करतो, तेलाबरोबर हवा फुसफुसत बाहेर पडते. तो निप्पल आवळतो आणि मगच म्हणतो ‘सोड’. त्याआधी पाय उचलला, तर बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते.

त्या दिवशी खाली मिस्त्रीचाचा होते. गोंडपिपरीहून सकाळीच मोटरसायकलवर आमच्या गावी आले होते. वर मी, कारण जीप मीच चालवणार होते. तीन चाकं नीट झाली. चौथं माझ्या पायाजवळचं, पुढचं उजवं. जीपभोवती नऊ माणसं कागद घेऊन उभी होती. त्यांच्या वनहक्काच्या दाव्यांची बारा वाजता तालुक्याला सुनावणी होती. जो गैरहजर राहील त्याचा दावा फेटाळला जाईल, असं नोटिशीत लिहिलं होतं. आमच्या गावाला बस येत नाही. का येत नाही, यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत.

माझं अक्षरज्ञानच चळवळीच्या पत्रकांवर झालं. घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली. त्यामुळे चार माणसं समोर दिसली की मला बोलावंसं वाटतं. पॅडल दाबून धरलेलं असतानाच मी मागे वळून त्यांना सांगत होते, “साहेबासमोर भ्यायचं नाही. जमीन तुमची आहे, भीक मागायला चाललो नाही आपण.” बोलताना हात वर गेला, अंग वळलं आणि पाय उचलला गेला.

खाली चाचांना काही कळलं नाही. ते निप्पल आवळतच होते. मी पाय परत ठेवला. पॅडल खाली गेलं, मऊ.

“कडक झालं का, बेटी?” त्यांनी खालून विचारलं.

मी चार-पाच वेळा भराभर पॅडल मारलं. हवा असली तरी असं मारल्यावर पॅडल थोडा वेळ ताठ उभं राहतं, हे मला माहीत होतं. “कडक आहे चाचा,” मी म्हणाले. त्यांनी बाहेर येऊन हाताने दाबून पाहिलं. ताठच लागलं. त्यांना जुम्म्याच्या नमाजाआधी घरी पोचायचं होतं. ते गेले. उरलेलं तेल आणि पाना माझ्या सीटखाली ठेवून गेले.

मी का बोलले नाही? उशीर झाला होता, हे खरं आहे. पण खरं कारण ते नाही. नऊ माणसांना भ्यायचं नाही असं सांगताना माझ्या हातून चूक झाली, हे त्याच नऊ माणसांसमोर बोलायची मला लाज वाटली.

गाव संपताना बकऱ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला आणि पॅडल थेट तळाला गेलं. जीप तशीच पुढे. दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, तेव्हा कुठे ती धरली. शेवटची बकरी बंपरला घासून गेली.

“बाप्पा! हार्न तं मारत जा व पोरी,” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

हँडब्रेक मी जीप पाहिली तेव्हापासून मेलेलाच. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, रस्ता सपाट. पण पुढे चार किलोमीटरवर उतार होता. उताराच्या तळाशी वळण आणि वळणावर नाल्याचा अरुंद पूल. त्याचे कठडे एका पुरात गेले ते परत कोणी बांधले नाहीत.

पहिल्या किलोमीटरला मी स्वतःला सांगितलं, पॅडल मारत मारत उतरू. दुसऱ्याला सांगितलं, पहिल्या गियरमध्ये उतरू. मग आरशात पाहिलं. मागे एक बाई लेकराला मांडीवर पाजत होती. तिच्या शेजारचा चाळिशीचा माणूस कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी दोन्ही हातांनी धरून बसला होता. म्हणजे जीपला कुठेच धरून बसला नव्हता. जीप पुलावरून गेली तर हा पिशवीच धरून राहील, असं मला दिसलं. माझा पाय आता ब्रेकवर होता की क्लचवर, तेही मला कळेना.

मी गियर उतरवत गेले, दुसरा, पहिला, आणि इंजिन बंद केलं. जीप हिसका देऊन थांबली.

“काऊन थांबली?” पुढच्या सीटवरच्या वयस्क बाईने विचारलं.

“ब्रेकात हवा आहे. माझा पाय उचलला गेला होता सकाळी. मी चाचांना खोटं सांगितलं.”

मागून पिशवीवाला म्हणाला, “म्हंजे तुले गावातच मालूम होतं?”

“हो, भाऊ.”

“अन् आमाले सांगून राह्यली होती, भिऊ नका म्हणून!”

मी पाना घेतला आणि खाली उतरले. तो भाग वाघाचा आहे. सरपणालाही तिथे एकटं कोणी जात नाही. मी पुढच्या चाकाखाली सरकले तेव्हा माझे पाय रस्त्यावर उघडे राहिले. माणसं त्यांच्याभोवती उभी राहून मोठमोठ्याने खाकरत, टाळ्या वाजवत होती. लेकरू रडायला लागलं. “रडू दे,” कोणीतरी म्हणालं, “तेवढाच आवाज.”

पॅडलवर ती वयस्क बाई बसली. आयुष्यात पहिल्यांदा. मी खालून ओरडले, “बाई, मी सोड म्हणेपर्यंत पाय हलवू नका. काही झालं तरी.”

“तू कर तुहं काम.”

मी निप्पल सैल केलं. तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि त्यात हवा थुंकल्यासारखी बाहेर पडली. आवळलं. “सोडा.” पुन्हा. पुन्हा. ब्रेकच्या टाकीत तेल भरून पुन्हा. बांबूत काहीतरी कडकन मोडलं. वरच्या टाळ्या थांबल्या. माझ्या अंगातलं सगळं बळ पान्यावरच्या बोटांत गोळा झालं. निप्पल उघडंच होतं, आणि वर पॅडल तसूभरही हललं नाही.

“माकड हाय,” बाई वरून म्हणाली. “कर.”

सातव्या वेळी नुसतं तेल आलं, सरळ धार.

पॅडल आता पहिल्याच दाबाला कडक लागत होतं. पाच मिनिटं थांबून पाहिलं, तरी कडक. पण सकाळीही मी कडकच म्हणाले होते. त्यामुळे उताराच्या तोंडाशी सगळे उतरले आणि चालायला लागले. बाई उतरली नाही.

“बाई, तुम्ही पण उतरा.”

“म्या दाबलं ना ते? मंग मी बसते.”

तो उतार मी आजही पायात घेऊन फिरते. वळण आलं, पूल दिसला, कठड्यांच्या जागी नुसत्या गंजक्या सळ्या. मी पाय ठेवला. जीपने नाक खाली केलं, मागची चाकं खडीवर कुरकुरली आणि आम्ही पुलाच्या अलीकडे थांबलो. बाईने डॅशबोर्डवरची मूठ सोडली. तिच्या तळहातावर नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

मागून आलेले सगळे पुन्हा चढले. पिशवीवाला सोडून. मी खूप विनवलं, त्याची जमीन, नोटीस, बारा वाजताची सुनावणी, सगळं सांगितलं.

“तुह्या बोलण्यावर इस्वास हाय, बाई,” तो म्हणाला. “तुह्या पायावर नाई.” आणि पूल ओलांडून चालायला लागला. तालुका तिथून आठ-नऊ किलोमीटर होता. मी जीप त्याच्या शेजारून नेली. त्याने वर पाहिलं नाही.

कचेरीत त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले. “तो येतो आहे. पायी. माझी चूक आहे, त्याची नाही. गैरहजर लिहू नका.” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. यादी संपेपर्यंत थांबतो म्हणाले. यादीत आणखी दोन गावं होती. प्रत्येक नावाला मी दारात जाऊन रस्ता पाहत होते. त्या वेळी मला जेवढी भीती वाटली तेवढी उतारावर वाटली नव्हती.

शेवटून तिसरं नाव चाललं असताना तो आत आला. गुडघ्यापर्यंत धूळ, पिशवी छातीशी. त्याने कागद मांडले, अंगठा उठवला.

परतीला जीपमध्ये बसतो का, असं मी त्याला विचारलं नाही. तो एसटी स्टँडकडे गेला, आमच्या गावाच्या फाट्यापर्यंत बसने, तिथून पुढे पायी.