माग चालू असताना टिकणारे ग्राफिक्स कार्ड

सुलभा विनायक कामकर, वडगावच्या भाड्याच्या खोलीतल्या तुझ्या संगणकासाठी मी आज दोन नवी ग्राफिक्स कार्डे तपासली.

मित्रहो, सुलभा ही माझी दिवंगत पत्नी; ती तेथे साड्यांची नक्षी रेखाटत असे. तिची अपुरी नक्षी आता घरमालक आप्पांची सून त्याच संगणकावर पूर्ण करणार आहे.

वेगवान कार्ड इतकी वीज ओढत होते, की शेजारचे विजेवरचे माग सुरू होताच संगणक बंद पडला.

"सर, माग थांबवतो की!" आप्पा म्हणाले.

"नको. तिने कधीच थांबवू दिले नाहीत."

"व्हय, वहिनी लई हट्टी!"

दुसरे कार्ड सावकाश, पण माग चालू असताना अखंड चालले. तेच बसवले. केवळ वेग पाहून कार्ड निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. आपले काय?

निघताना दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या आप्पांना परत दिल्या.